रेकॉर्डचा वाडगा

आमच्या घरी एक काळा वाडगा आहे. कडा वर-खाली झालेल्या, तळाशी फिकट पिवळ्या कागदाची गोल चकती, आणि चकतीच्या मधोमध जे भोक असतं ते बुजवायला वरून एक आणि खालून एक अशी ओव्हरकोटाची दोन तपकिरी बटणं दोऱ्याने आवळून बसवलेली. माझ्या लहानपणी नगरला त्यात सेफ्टी पिना, रबर बँड आणि किल्ल्या असायच्या. आता इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला तो पप्पांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर असतो आणि त्यात त्यांची कानाची मशिनं असतात.

तो वाडगा म्हणजे मुळात एक रेकॉर्ड आहे. आईने गरम पाण्यात मऊ करून, पालथ्या पातेल्यावर दाबून त्याचा वाडगा केला. त्या काळी बायका करायच्या असं. शाळेत आम्हाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मार्कही मिळायचे त्याचे. रेकॉर्ड उन्हात वाकली होती म्हणून तिने वाडगा केला, असं मला सांगितलेलं होतं, आणि मला ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. आमच्या घरात फाटक्या साडीची गोधडी आणि गोधडीचं पायपुसणं व्हायचं, तर रेकॉर्डचा वाडगा का नाही होणार?

पण ती रेकॉर्ड साधी नव्हती. तिची गोष्ट पप्पा दर नाताळला सांगायचे. करंज्या तळून झाल्या, उपासना आटोपली, पाहुणे बसले की कोणीतरी वाडग्याकडे बोट दाखवायचं आणि पप्पा सुरू व्हायचे.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. कैक पिढ्यांचे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात दर वेळी कोणीतरी काकू मला विचारतेच, “तुम्ही म्हणजे गोव्याच्या का?” नाही हो काकू, गोव्याच्या नाही. आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात, फादर नसतो, पाळकसाहेब असतात, आणि देवाची गाणी पेटी आणि झांजेवर म्हणतात. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता माझा पारा चढतो. असो.

तर पप्पा तरुणपणी शेतीचं शिक्षण घ्यायला ओहायोत आले होते. लग्न नुकतंच झालेलं. आई मागाहून आली. ट्रंकेत गोडा मसाला, दोन सुती साड्या आणि झांज. झांज कशाला, तर परक्या देशात देवाचं गाणं म्हणायचं झालं तर सोबत काही हवं म्हणून. ते ज्या चर्चला जायचे तिथल्या तळघरात पाच पोरं राहायची. खांद्यावर केस, पायांत चपला, आणि दिवसभर गिटारी कोकलत असायच्या. ब्लूज वाजवायचे, पण शब्द प्रार्थनेचे. येशूचं नाव आणि मागे धाडधाड ड्रम. त्या काळी हे कोणी फारसं करत नव्हतं. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना तो ड्रम सैतानाचा वाटायचा, आणि बाहेरच्या क्लबवाल्यांना येशू नको असायचा. बिचारी धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत. पप्पांना ती आवडायची. आपलीच वाटायची म्हणायचे.

एकदा रविवारच्या जेवणानंतर आईने तिथे एक गाणं म्हटलं. तिच्या आजोबांनी बांधलेलं, त्यांच्या गावच्या देवळात म्हणायचं. ओवीच्या अंगाने जाणारी चाल, सुरुवातीला अगदी सावकाश आणि मग हळूहळू मोकळी होत जाणारी. ऐकून गिटार वाजवणारा पोरगा उठून बाहेर गेला आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत आला. म्हणाला, आम्ही रेकॉर्ड काढतोय, हे त्यात हवंच.

मग एका शाळेच्या व्यायामशाळेत, मागून आणलेल्या मशीनवर, रेकॉर्डिंग झालं. बाहेर बर्फ. आईने साडीवर पप्पांचा ओव्हरकोट घातलेला आणि काही केल्या काढेना. कोटाची खसखस आवाजात येते म्हणून ती पोरं हात जोडायची, आणि ही म्हणायची, थंडीने गळा बसला तर गाणार कोण, तुम्ही? झांज फार कर्कश यायला लागली म्हणून पप्पांनी ती रुमालात गुंडाळून वाजवली. पोरांचं इंग्रजी गाणं आधी, मग फक्त झांज, झांज, झांज.

“आणि मग ती आली,” पप्पा म्हणायचे. इथे ते नेहमी थांबायचे. हात वर. पाहुण्यांकडे बघायचे. “अशी आली ना, की त्या ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली.”

आई एव्हाना उठून स्वयंपाकघरात गेलेली असायची. दर वेळी. चहा टाकते म्हणायची. मला वाटायचं लाजते.

पुढे पप्पांचं शिक्षण संपलं, दोघं नगरला परतली, पप्पा तिथल्या कॉलेजात शिकवायला लागले. ती पोरंही पांगली. एक कुठे विमा विकायला लागला, एक पाळक झाला, बाकीच्यांचं पप्पांना माहीत नव्हतं. रेकॉर्ड त्यांनी थोड्याच काढल्या होत्या, सभांच्या दारात उभं राहून विकायला. त्यांनी एक पोस्टाने नगरला पाठवली. तिचा वाडगा झाला.

आई मी पाहिल्यापासून लोकांसमोर कधी गायली नाही. भजनी मंडळातल्या बाया बोलवून थकल्या. देवळात ती पुस्तक उघडून ओठ हलवायची, मी शेजारी बसायचे, मला ठाऊक आहे, आवाज निघायचा नाही. पण भाकऱ्या थापताना गुणगुणायची. तेच, तिच्या आजोबांचं. परातीवर थापेचा ठेका, आणि वर ती चाल. मी दारात जाऊन उभी राहिले की थांबायची. एकदा मी मामाचा टेपरेकॉर्डर आणून गुपचूप चालू केला, तर पिठाच्या हाताने येऊन बटण दाबलं तिने. “बंद कर ते आधी,” म्हणाली. इतकं चिडलेलं मी तिला क्वचितच पाहिलं. माझा स्वभाव तिच्यावरच गेलाय म्हणतात सगळे, पण तिचा राग आत राहायचा, माझा तोंडावाटे बाहेर पडतो.

आई गेली तेव्हा मी पप्पांना इकडे घेऊन आले. सामान आवरताना त्यांनी दोनच गोष्टी स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवल्या, आईचं बायबल आणि वाडगा. आईच्या बोलण्याच्या दोन-चार क्लिपा आहेत माझ्या फोनमध्ये. वाढदिवसाच्या शुभेच्छा, एकदा कॅमेरा चालू आहे हे न कळल्याने “हे कुठून बंद होतं गं” असं. गाणं नाही. एकसुद्धा नाही. माणूस जाऊन काही महिने झाले की हे कळायला लागतं. मला ते गाणं हवं होतं. पप्पांना माझ्याहून जास्त हवं होतं.

आणि पप्पांचे कान चालले होते. इथल्या कानाच्या डॉक्टरणीने मला बाजूला घेऊन सांगितलं की मशिनं बदलून आता फार उपयोग नाही. वरचे सूर आधीच गेलेत. बोलणं समोरून, हळू, मोठ्याने केलं तर थोडे दिवस कळेल, संगीत हळूहळू नुसता गोंगाट होईल आणि मग तोही नाही. पप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मग त्याआधी एकदा ती रेकॉर्ड मिळव, पोरी. मी आजवर ऐकलीच नाही ती.”

मी चाटच पडले. ऐकली नाही? त्यांच्याकडे प्लेयर नव्हता, ते म्हणाले, आणि मग वाडगा झाला. एवढंच. मी पुढे विचारलं नाही. उन्हात वाकली म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

शोधायचं कसं, नाव तर कोणाला आठवत नव्हतं. माझी मुलगी, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली, म्हणाली, “मॉम, जस्ट पोस्ट द बाउल.” तिने वाडग्याच्या तळाचा, त्या पिवळ्या चकतीवरच्या अर्धवट पुसलेल्या अक्षरांचा फोटो काढला आणि जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला.

अरे बापरे, काय तो हलकल्लोळ. मला वाटलं होतं दोन-चार जण उत्तर देतील. इथे लोक रडायला लागले. ही रेकॉर्ड जगात मोजकीच उरली आहे, ख्रिस्ती रॉकच्या अगदी सुरुवातीची, आम्ही आयुष्यभर शोधतोय, आणि कोणत्या नतद्रष्टाने तिचा बाउल केला? एकाने तर लिहिलं, हा गुन्हा आहे. मी मुलीच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, गुन्हा माझ्या आईने केला, ती त्या रेकॉर्डवर गायली आहे, तुमचं काय म्हणणं आहे?

त्यातल्या एकाने नंतर वेगळा मेसेज केला. पेनसिल्व्हेनियातला माणूस, निवृत्त, सभ्य. माझ्याकडे आहे, म्हणाला. विकणार नाही, कॉपी करून कुणाला पाठवत नाही, तेवढा हट्ट आहे माझा. पण तुमच्या वडिलांना घेऊन या, मी वाजवून दाखवीन. पुढे लिहिलं होतं, झांज वाजवणारा माणूस कोण हे कधीच कुणाला कळलं नाही, तो जिवंत आहे यावर माझा विश्वास बसत नाही. हे मी पप्पांना वाचून दाखवलं तर ते लाजले. म्हणाले, “झांजेचं काय एवढं. तिच्याबद्दल काय लिहिलंय?” तिच्याबद्दल काही नव्हतं लिहिलेलं. मी म्हटलं, तिथे गेल्यावर बोलू.

मला त्याच आठवड्यात निघायचं होतं. पण त्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं, मग माझ्या ऑफिसात माणसं काढायला लागले आणि सुट्टी मागायची चोरी झाली, मग पप्पांना न्यूमोनिया. थंडी सरली, झाडांना पालवी आली, आणि त्या मधल्या काळात पप्पांचे कान आणखी गेले. फोनची रिंग ऐकू येईना. मिक्सर चालू असताना मला विचारायचे, आज चटणी नाही का. मी स्वयंपाकघरात भांडी आदळायचे. कोणावर राग काढणार?

शेवटी एका शनिवारी निघालो. पप्पांनी कोट घातला, टाय लावला. देवळात जाताना लावायचे तसा. गाडीत माझ्याकडे वळून, माझे ओठ दिसतील असे बसले आणि वाटभर एकच टकळी. “दुसरी बाजू. शेवटचं गाणं. त्याला आधीच सांग, दुसरी बाजू लाव म्हणावं. लोक चुकून पहिली बाजू लावतात.”

“सांगते, पप्पा.”

“पहिल्या बाजूलाही झांज आहे एका गाण्यात. माणसाचा गोंधळ होऊ शकतो.”

“हो पप्पा.”

“दुसरी बाजू.”

टर्नपाइक हायवेवर एक ट्रक मला चेपत होता आणि हे काही थांबेनात. मी जरा चिडूनच म्हटलं, “अहो कळलं, दुसरी बाजू.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग मलाच वाईट वाटलं. पुढच्या थांब्यावर मी त्यांना कॉफी घेऊन दिली.

त्या माणसाने दारात पप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. सोडेचना. आम्हाला तळघरात नेलं. भिंतभर रेकॉर्डी, सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, कोपऱ्यात हवा कोरडी ठेवायचं मशीन घरघरतंय, आणि मधे एक आरामखुर्ची. त्याने हात धुतले, पुसले, मग ती रेकॉर्ड काढली. कव्हर काळ्या-पांढऱ्या फोटोचं, हाताने चिकटवलेलं. पाच पोरं एका ओंडक्यावर बसलेली. पप्पांनी एकेकावर बोट ठेवून नावं सांगितली, आणि तो माणूस लहान मुलासारखा मान डोलवत राहिला. कव्हरच्या मागे पप्पांचं नाव नव्हतं, आईचंही नव्हतं. ते मला तेव्हाच खटकलं. पण म्हटलं, असेल बाई, पोरंच ती, विसरली असतील.

“दुसरी बाजू, शेवटचं,” मी सांगितलं.

पप्पांना आरामखुर्चीत बसवलं. त्यांना गाणं ऐकू येणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पप्पांनी स्वतःच खुर्ची पुढे ओढायला लावली आणि स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवला. “चालू कर म्हणावं,” ते म्हणाले. डोळे माझ्याकडे.

सुई टेकली. आधी थोडी करकर, मग गिटार, मग एका पोराचा घोगरा, तरणा आवाज. काय सांगू, चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. कुणीतरी अंधारात दार ठोठावतंय आणि उघडणार याची खात्री नाही, असं काहीतरी होतं त्या आवाजात. पप्पांची बोटं लाकडावर हलत होती. ड्रम त्यांच्या हाताला लागत होता.

मग सगळं थांबलं आणि झांज आली. रुमालात गुंडाळलेली, बोथट. झांज, झांज, झांज. माझे वडील, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे.

“पप्पा, तुमची झांज आली,” मी ओरडून सांगितलं. हा सूर त्यांच्या हाताला लागेना, पण ते हसले आणि त्यांचा दुसरा हात मांडीवर ठेका धरायला लागला. चुकत नव्हता. रेकॉर्डवरचा आणि मांडीवरचा, बरोबर एकावर एक पडत होता. आता येणार होती. आई येणार होती.

गिटार आली.

आजोबांची चाल, जशीच्या तशी. सुरुवातीला सावकाश, मग हळूहळू मोकळी होत जाणारी. भाकऱ्या थापतानाची. एकही सूर इकडचा तिकडे नाही. पण गिटारवर. आवाज नव्हता. मला वाटलं गिटारनंतर आई येईल. मी वाट बघितली. चाल संपली, झांज संपली, ड्रम परत सुरू झाले.

तो माणूस डोळे मिटून उभा होता. “धिस सोलो,” तो म्हणाला, “या सोलोसाठी लोक जीव टाकतात. कुठून सुचलं त्याला, कुणाला कळत नाही.”

मी त्याला विचारलं, इथे एक बाई गायली होती, ती कुठे आहे? त्याने डोळे उघडले. मग हळू आवाजात सांगितलं. तो गिटारवाला म्हातारपणी त्याला एकदा भेटला होता. रेकॉर्डचा खर्च चर्चमधल्या काही मंडळींनी उचलला होता. त्यांनी ऐकून सांगितलं, ही बाई कुठल्या भाषेत कुठल्या देवाला आळवतेय कोणास ठाऊक, हे ख्रिस्ती रेकॉर्डवर नको. तेवढा भाग काढून तिथे गिटार भरली. मला वाटायचं म्हातारा गिटारवाला रचून सांगतोय, म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं, तो म्हणाला. आय ॲम सो सॉरी.

कुठल्या देवाला. माझ्या आईचे आजोबा आयुष्यभर येशूची गाणी रचत गावोगाव पायी हिंडले. त्यांच्या नातीला हे विचारतात, कुठल्या देवाला. बरं, बाई नको तर नको, चालही टाकून द्यायची होती ना. चाल ठेवली, बाई काढली. माझ्या तोंडात आलेले शब्द मी इथे लिहीत नाही. त्या माणसाचा काही दोष नव्हता, पण दुसरं कोणी समोर नव्हतं, आणि मी त्याच्यावर तुटून पडणार, एवढ्यात पप्पांनी माझी बाही ओढली.

“आली का?”

ते खुर्चीतून अर्धे उठले होते. हात स्पीकरवर तसाच. गाणं पुढे गेलंय हे हाताला कळलं होतं त्यांना. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं देव जाणे. डोळ्यांत पाणी तर होतंच.

“आली का ती?”

“आली,” मी म्हटलं.

“कशी गातेय?”

“छान,” मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. “आधी जरा दबकत. मग मोकळी. शेवटची ओळ लांबवलीय तिने, पप्पा, भाकरी तव्यावर टाकायच्या आधी लांबवायची ना, तशी.”

ते खाली बसले. खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, नाक पुसलं, रुमालाची नीट घडी केली. मी मनात म्हटलं, चला, एवढं तरी झालं. मला नाही मिळालं, त्यांना मिळालं. आणि तेवढ्यात ते म्हणाले, “बघ. मी तिला जन्मभर सांगत होतो.”

“काय सांगत होता?”

“की तू आहेस त्यात.”

मग त्यांनी सांगितलं. पोस्टाने रेकॉर्ड आली तेव्हा नगरला प्लेयर फक्त पाळकसाहेबांकडे होता. पप्पांची कॉलेजात परीक्षेची ड्यूटी. आईला दम निघेना, दुपारी ती एकटीच रेकॉर्ड पदराखाली घेऊन गेली. संध्याकाळी पप्पा घरी आले तर चूल थंड. म्हणाली, “तुमची झांज आहे. मला काढून टाकलंय.”

“मी म्हटलं, असं कसं होईल. तू पहिली बाजू ऐकली असशील, झांज तिकडेही आहे. उद्या आपण दोघं जाऊ. तर हिने दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून यायच्या आत ती गरम पाण्यात घातली. म्हणाली, दोन्ही बाजू ऐकल्यात मी. मला माझा आवाज ओळखता येत नाही का?” पप्पा हसले. “हट्टी. अगदी तुझ्यासारखी. कितीदा भांडलो त्यावरून. मी म्हणायचो, ती चांगली पोरं होती गं, असं नाही करायची. तुझीच ऐकण्यात चूक झाली. शेवटी शेवटी तर काही बोलायचीच नाही. मी गोष्ट काढली की उठून जायची.”

तो पेनसिल्व्हेनियातला माणूस आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मराठी त्याला कुठलं कळायला. पप्पा इतके खूश दिसत होते, आई गेल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडलं. मी, जी टर्नपाइकवर एका शब्दावरून बापावर खेकसते, जी मंडळातल्या काकूंना तिथल्या तिथे ऐकवते. तोंड उघडलं, आणि त्यांच्या टायची गाठ नीट केली.

“पुन्हा लाव म्हणावं,” पप्पा म्हणाले.

त्याने पुन्हा लावली. पप्पांनी पुन्हा लाकडावर हात ठेवला. ड्रम, मग शांतता, मग झांज, मांडीवर बरोबर ठेका. गिटार आली.

“आली?” पप्पांनी विचारलं.

“आली,” मी म्हटलं. या वेळी मला माहीत होतं मी काय करतेय.

परतीच्या वाटेवर ते झोपले. मान खिडकीला टेकलेली, टाय सैल केलेला, आणि झोपेतही चेहऱ्यावर ते समाधान. मी गाडी चालवत होते आणि माझ्या डोक्यात आईच होती. पाहुण्यांनी भरलेलं घर, पप्पांचा हात वर, आणि ती उठून चाललेली. देवळात पुस्तक उघडून नुसते ओठ हलवणारी. तिला गाण्यातून काढलं ते परक्यांनी. ते तिने गिळलं असतं. पण घरच्या माणसाने, एवढ्या प्रेमाच्या माणसाने, जन्मभर तिला म्हणावं की तुला ऐकायला येत नाही? आणि आज त्याला पुरावा मिळाला. तो दिला कोणी, तर तिच्या लेकीने. मला ब्रेक लावून रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. पप्पा जागे झाले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मी त्यांना खोलीत नेलं, बूट काढून दिले. ते पलंगावर बसले आणि वाडगा मांडीवर घेतला. त्या बटणावरून अंगठा फिरवत म्हणाले, “उगाच मोडली रेकॉर्ड. चुकली बिचारी.” मग एकेक करून कानातली मशिनं काढली, वाडग्यात टाकली आणि वाडगा टेबलावर ठेवून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी पलंगाच्या कडेला बसले. “आई चुकली नव्हती, पप्पा,” मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

ते हलले नाहीत. मग कसली चाहूल लागली कोण जाणे, मान वळवून माझ्याकडे बघितलं. “काय गं? काही म्हणालीस?”

त्यांना दिसतील असे मी ओठ हलवले. “चहा टाकते म्हटलं,” आणि उठून स्वयंपाकघरात गेले.